भिकनचं अक्षर

साक्रीच्या भिकन पेंटरला सरळ अक्षर काही केल्या काढता येत नसे. त्याची शिरोरेषा कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी मधेच लोंबायची, ‘क’ पोट धरून हसायचा आणि काना एका पायावर नाचायचा. पण लोकांना तेच आवडायचं. भेळेच्या गाड्या, पिठाच्या गिरण्या, रसवंत्या, सगळीकडे त्याच्याच पाट्या.

१९९५ च्या सुमारास धुळ्यात फुलचंद शेठच्या छापखान्यात कॉम्प्युटर आला. शेठने भिकनकडून अख्खी बाराखडी कागदावर काढून घेतली, कॉम्प्युटरमध्ये घातली आणि त्या टाइपाला नाव दिलं ‘भिकन’. लग्न असो, बारसं असो, लोक म्हणत, “भिकनमध्येच छापा.”

मग साक्रीचे तोताराम आबा वारले. त्यांचा मुलगा भटू तेराव्याची पत्रिका छापायला आला.

“अक्षर कोणतं घेऊ?” शेठने विचारलं.

“सगळ्यात चांगलं घ्या,” भटू रडत म्हणाला.

शेठने सगळ्यात चांगलं घेतलं.

पत्रिका हातात पडल्यावर नीट वाचली कुणी? अक्षरं नाचताना दिसली, तारीख दिसली, झालं. तेराव्याला पाहुणे फेटे बांधून, पराती-पातेल्यांचा आहेर घेऊन उतरले. नरडाण्याच्या व्याह्यांनी तर बँड आणला. हार घातलेला आबांचा फोटो दिसेपर्यंत दारात अर्धं गाणं वाजूनही झालं होतं.

भटू संतापला. त्याने भिकनला दुकानातून ओढत आणून आईसमोर उभं केलं. सुमनबाईंनी पत्रिका मागितली. डोळ्यांजवळ धरली.

“भटू, ‘निधन’मधला हाऊ ‘ध’ देख,” त्या म्हणाल्या. “जेईसन आडा पडेल तुना बापच शे हाऊ!”

जेवून आडवे झालेले आबाच त्यांना त्या अक्षरात दिसले आणि पदर तोंडाला लावून त्या हसत सुटल्या. मघापासून ओठ दाबून बसलेले सगळे पाहुणेही हसले. भटूने आधी तोंड फिरवलं, मग त्याचेही खांदे हलू लागले. बँडवाल्यांना पहिल्या पंगतीला बसवलं.

दुसऱ्या दिवशी ऐंशीचे लीलाधर नाना काठी टेकत भिकनच्या दुकानात आले.

“भिकन, मनं तेरावानं कार्ड आतेच शेठकडे छापाले टाक. ह्याच अक्षरमा.”

भिकन चाचरला. “नाना, पण तारीख?”

“तारीखनी जागा मोकळी ठेव,” नाना म्हणाले. “माले घाई नही.”