तीन वायरींच्या गाठी

शनिवार होता, म्हणजे शेगडीवर सूप होतं. व्हेरोना भोपळा घोटत होती आणि तिचे वडील, लॅसेल्स ब्रॉमफील्ड, व्हरांड्यात प्रीअँपचं झाकण उघडून बसले होते. तो लोखंडी डबा त्यांनी स्वतःच्या हातांनी बांधलेला. त्यात शिरलेलं गाणं तीन वाटांनी बाहेर पडे: खर्ज, मधला आवाज आणि बारीक आवाज. प्रत्येकाला वेगळी वायर, वेगळा अँप्लिफायर, वेगळे स्पीकर. गाणाऱ्याच्या गळ्यावर प्रतिध्वनी कितीही चढवला, तरी खर्ज जागचा हलत नसे. किंग्स्टनच्या त्या भागात मैदानांत गाणी वाजवणारे 'साउंड' पुष्कळ होते, पण ब्रॉमफील्डचा खर्ज तीन गल्ल्यांपलीकडून ओळखत.

"मधल्यात खरखर येतेय. तुला येते का ऐकू?"

"मला मिस आयव्हीचा कोंबडा ऐकू येतोय, डॅडी."

"कोंबडा बारकात. तो बाजूला काढ. आता?"

व्हेरोना हसली, मग कान देऊन उभी राहिली. खरखर होती खरी.

"सीबर्टनं पाच मिनिटांत पकडली असती," ते पुटपुटले.

चौदा वर्षांत ते नाव त्यांनी फार तर तीनदा घेतलं असेल. व्हेरोनाचा हात थांबला.

सीबर्ट व्हाइट, ज्याला सगळे आदरानं 'मास सीबर्ट' म्हणत, वीस वर्षं त्यांचा उजवा हात होता. वायरींवर नावं लिहायची नाहीत, असा ब्रॉमफील्डचा दंडक. समोरच्या साउंडची माणसं डोकावून सगळं टिपून घेत. म्हणून खर्जाच्या वायरीला एक गाठ, मधल्याला दोन, बारकाला तीन. चौदा वर्षांपूर्वी, दोन साउंडांच्या मोठ्या सामन्याच्या दुपारी, सतरा वर्षांच्या व्हेरोनानं त्या गाठी सोडल्या. फार मळल्या होत्या. वायरी पुसून लख्ख केल्या की वडील शाबासकी देतील, असं तिला वाटलं. परत बांधताना खर्जाची आणि बारकाची अदलाबदल झाली. सीबर्टनं गाठी मोजून वायरी लावल्या, आणि पहिल्याच गाण्याला सगळा खर्ज बारीक स्पीकरांत घुसला. आठही जळले. हजार माणसं हसली.

"मी गाठींप्रमाणेच लावलं, लॅसेल्स," सीबर्ट सांगत राहिला. पण वडिलांनी बॅटरी मारून पाहिलं, तोवर गर्दीतून वाकत जाऊन व्हेरोनानं गाठी नीट केल्या होत्या. त्यांना दिसल्या त्या बरोबर गाठी, आणि चुकीच्या जागी लावलेल्या वायरी. सीबर्टला त्यांनी भर मैदानात घालवून दिलं.

"डॅडी," ती व्हरांड्याच्या दारात येऊन म्हणाली, "त्या सामन्याच्या दिवशी ना..."

"सूप उतू चाललंय, बाळ."

खरोखरच चाललं होतं. ती धावली. परत आली तेव्हा वडिलांनी झाकण बसवलं होतं आणि खुर्चीतच त्यांचा डोळा लागला होता. उद्या सांगू, असं तिनं ठरवलं. रविवारी चर्च झालं, सोमवारी ती शाळेत शिकवायला गेली. मंगळवारी सकाळी ते उठले नाहीत.

नवव्या रात्री मृताच्या अंगणात गाणं-बजावणं करून त्याला निरोप द्यायचा असतो. त्या दिवशी दुपारीच स्पीकरची खोकी रचली गेली. मोठी खाली, लहान वर. आंब्याखाली डॉमिनोचा डाव रंगला होता, मागे बोकडाचं सूप उकळत होतं. तेवढ्यात फाटकातून एक उंच, वाकलेला म्हातारा आत आला. खांद्यावर इस्त्री केलेला टॉवेल.

"अरे, मास सीबर्ट!" डॉमिनो आपटत एव्हर्टन ओरडला. "आज काय जाळणार?"

"तुझी दाढी. जवळ येऊन बघ."

माणसं हसली. सीबर्टही हसले, पण खोक्यांपाशी येऊन त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले.

"दुःख झालं, मिस व्ही. फार."

"बरं झालं आलात, मास सीबर्ट. वायरी तेवढ्या लावा. तुमच्याइतकं कोणाला कळतं?"

"तू लाव. मी इथून बघतो."

"लोकांच्या बोलण्याकडे काय लक्ष देता? तो एव्हर्टन तर मूर्खच आहे."

"एव्हर्टन जन्मापासून मूर्ख आहे, त्याचं काही नाही." ते वायरींच्या भेंडोळ्याकडे बघत राहिले. "लॅसेल्स गेला तो मीच चुकलो असं समजून. त्याच्या अंगणात त्याच्या वायरींना हात कसा लावू?"

"पण तुम्ही चुकला नव्हता."

"असं मीही म्हणायचो. पाचसहा वर्षं म्हटलं. बायको कंटाळली. मग वाटायला लागलं, अंधार होता, घाई होती, मोजताना चुकलो असेन. लॅसेल्ससारखा माणूस उगीच कशाला बोलेल?" ते हलकेच म्हणाले, "आता तर मला दिसतंसुद्धा. माझ्याच बोटांत ती चुकीची वायर. लाव तू, मिस व्ही."

व्हेरोना खाली बसली. एक गाठ, खर्ज. दोन, मधला. तीन, बारीक. वडील आता कधीच ऐकणार नव्हते, त्याचं रडणं तिनं या नऊ दिवसांत रडून घेतलं होतं. पण हा माणूस जिवंत होता, आणि न केलेली चूक त्यानं स्वतःच्या बोटांत पाहिली होती.

तिनं बटण दाबलं. जमीन गुणगुणल्यासारखी झाली.

"माइक बघ," एव्हर्टन ओरडला. "एक-दोन-तीन म्हण, टीचर!"

व्हेरोनानं माइक हातात घेतला. तिचा श्वास गल्लीभर ऐकू गेला. डॉमिनो थांबले, सूप ढवळणाऱ्या बायका वळल्या. ती सीबर्टकडे बघून बोलू लागली.

"त्या सामन्यात मास सीबर्ट चुकले नव्हते. गाठी मी सोडल्या होत्या. उलट्या मीच बांधल्या, आणि स्पीकर जळल्यावर चोरून नीट केल्या, त्याही मीच. डॅडी तुम्हाला हाकलत होते तेव्हा मी चार पावलांवर उभी होते, मास सीबर्ट. मी तोंड उघडलं नाही. चौदा वर्षं उघडलं नाही."