नवनाथचा जीवखडा

दहाव्या दिवशी सकाळी ज्योतीराम पवनेच्या काठी पिंपळाच्या मुळीत हात घालून बसला होता. मुळीत काही नव्हतं. आधी त्यानं नीट पाहिलं, मग डोळे मिटून चाचपलं, मग पुन्हा पाहिलं. काल संध्याकाळपर्यंत रुमालाची गाठोडी तिथं होती. दहा दिवसांत एकही दिवस असा गेला नव्हता, की तो येऊन तिला हात लावून गेला नाही.

नवनाथ त्याचा एकुलता एक. तेवीस वर्षांचा. चाकणच्या कंपनीत शिफ्ट करून दुचाकीवरून परतताना कंटेनरनं उडवलं. ज्यानं बापाला खांदा द्यायचा, त्याला बापानं अग्नी दिला. चितेभोवती फिरताना खांद्यावरच्या मडक्याला दगडानं भोकं पाडतात, तो दगड म्हणजे जीवखडा. दहा दिवस गेलेल्याचा जीव त्यात बसून राहतो आणि दहाव्याला तो पाण्यात सोडला, की माणूस मोकळा होतो. गुरुजींनी दगड घ्यायला सांगितलं, तेव्हा ज्योतीरामनं घाटाजवळ जेसीबीनं उकरलेल्या ढिगातून हाताला लागला तो उचलला. एका बाजूनं धार, दुसऱ्या बाजूनं मुठीत बसेल असा. ज्योतीरामच्या भावानं त्या दगडानंच मडक्याला तीन भोकं पाडली आणि दगड परत त्याच्या हातात दिला. चिता विझेपर्यंत ती मूठ उघडली नव्हती.

घरी नेला, तर घरमालकीण केसरबाई दारातच उभी राहिली. नवनाथला कित्येकदा तिनं आपल्या चुलीवरची भाकरी खाऊ घातलेली. पदर तोंडाला लावून म्हणाली, "वाईट वाटून घिऊ नगा भाऊ. पर जीवखडा आमच्या उंबऱ्याच्या आत न्हाई घेत. आमच्यात चालत न्हाई." भाड्याचं घर, बोलायचं तरी काय? नवनाथच्याच रुमालात बांधून त्यानं तो पिंपळाच्या मुळीत ठेवला.

आणि आज तिथं काही नव्हतं.

गुरुदत्त गुरुजी पिंडांची तयारी थांबवून जवळ आले. त्यांनी समजूत घातली, की असं कधी कधी होतं, दुसरा दगड घेऊन संकल्प करता येतो, शास्त्राला सोय आहे.

"शास्त्राला आसंल गुरुजी," ज्योतीराम म्हणाला. "तिला काय सांगू?"

ती म्हणजे सुमन, त्याची बायको. दहा दिवस तिनं ना धड खाल्लं, ना धड रडली. सकाळी निघताना एवढंच बोलली होती, "त्येला मधीच सोडून येऊ नका."

घाटाच्या वरच्या अंगाला हिरव्या कापडाचा मांडव होता. नदीकाठ सुधारायचं काम निघालेलं, आठवडाभरात तिथं काँक्रीट पडणार होतं. मशिननं काठ कापला, तसा खालचा जुना गोट्यांचा थर उघडा पडला. कॉलेजात शिकवणाऱ्या अरुंधती मॅडम विद्यार्थ्यांना घेऊन त्यातले दगड वेचत होत्या. या खोऱ्यात फार पूर्वी राहणाऱ्या माणसांनी घडवलेली हत्यारं. ज्योतीराम दहा दिवस त्यांना लांबून बघत आला होता. आज पहिल्यांदा मांडवात गेला आणि विचारलं.

तनुजा नावाच्या विद्यार्थिनीचा चेहरा उतरला. काल अंधार पडायच्या आधी पिंपळाजवळ कुत्र्यांनी एक रुमाल ओढून काढला होता. शेजारी दगड पडला होता. तिनं दगड उचलला, धुतला, बाकीच्यांत ठेवला. रुमाल कचऱ्यात गेला.

"कुणाचं काही असेल, हे मनातच आलं नाही," ती म्हणाली आणि रडायला लागली. ज्योतीरामनंच तिच्या डोक्यावर हात ठेवला.

टेबलावर एक्केचाळीस दगड मांडलेले. सगळे काळपट, सगळे घडवलेले, सगळ्यांना धार. ज्योतीराम एकेकाकडे बघत गेला आणि घाबरला. दहा दिवस ज्याला जपलं, त्याचं तोंडच त्यानं पाहिलं नव्हतं. उचलला तेव्हा डोळ्यांना कुठं काय दिसत होतं?

"दादा, बघू नका," मॅडम म्हणाल्या. "डोळे मिटा. मुठीत धरा."

त्यानं डोळे मिटले. तनुजा एकेक दगड त्याच्या हातात देत गेली. नाही. नाही. हाही नाही. सव्विसावा दगड आला आणि बोटं आपोआप मिटली. अंगठा एका खाचेत जाऊन बसला. ज्योतीरामनं दगड छातीशी धरला आणि दहा दिवसांत पहिल्यांदा त्याच्या तोंडून लेकाचं नाव निघालं.

मॅडमनी भिंगातून पाहिलं. ब्रश पोचला नव्हता त्या बारीक खाचेत मडक्याची लाल माती होती.

"मॅडम, हा तर आपला सगळ्यात..." तनुजा बोलायला गेली.

"माहीत आहे," त्या म्हणाल्या आणि दगड ज्योतीरामच्या हातात परत दिला. फक्त पाच मिनिटं मागितली. कोऱ्या कागदावर दगड ठेवून भोवतीनं पेन्सिल फिरवली. ज्योतीराम बघत होता.

"किती जुना आसंल?"

"लाखभर वर्षं तरी."

त्यानं दगडाच्या धारेवरून बोट फिरवलं. मग विचारलं, "ज्यानं घडवला, त्येला पोरंबाळं होती का ओ?"

"असणारच," मॅडम म्हणाल्या. "आणि त्यातली काही त्याच्यादेखतच गेली असतील."

ज्योतीराम पाण्यात उतरला. बारा वर्षं तो सप्ताहात टाळकरी म्हणून बुवांच्या मागं उभा राहिलेला. देह म्हणजे मातीचं मडकं, फुटलं की आतलं आकाश बाहेरच्या आकाशात मिळतं, हे त्यानं किती वेळा ऐकलं असेल आणि किती गोड मान डोलावली असेल. तो दृष्टान्त या खेपेला त्याच्या खांद्यावर फुटला होता. बुवा खोटं बोलत नव्हते, हे त्याला अजूनही पटत होतं. पण ज्याच्या खांद्यावर पाणी गळतं, त्यानं उभं कसं राहायचं, ते विचारायचं राहून गेलं होतं.

पाणी गुडघाभर, काळं. वर फेस, वास असा, की गुरुजींनीही उपरणं नाकाला लावलं. अशा पाण्यात लेकाला कसं सोडू, असं एकदा त्याच्या मनात आलं. मग सुमनचं 'मधीच सोडून येऊ नका' आठवलं. त्यानं मूठ पाण्याखाली नेली, देवाचं नाव घेतलं आणि बोटं उघडली. दगड त्याच्या घोट्याला लागून खाली बसला.

"आता मागं न बघता या," गुरुजी म्हणाले.

ज्योतीराम वळला, दोन पावलं टाकली आणि थांबला. मग एकदम मागं फिरला आणि खांद्यापर्यंत हात पाण्यात घालून चाचपू लागला. एक दगड वर काढला. मूठ मिटेना. टाकला. दुसरा काढला.

अरुंधती मॅडम साडीनिशी त्या पाण्यात उतरल्या आणि त्याच्या शेजारी उभ्या राहिल्या.

"हा का?" त्यानं विचारलं.

त्यांनी दगड घेतला, पदरानं पुसला, नीट पाहिला. खोटं त्यांच्यानं बोलवलं नाही. "नाही दादा."

"मग हा?"

"नाही."

काठावर गुरुजी दर्भ हातात धरून उभे होते. त्यांनी पुन्हा हाक मारली नाही. ज्योतीराम परत वाकला.