डाव्या कडेची लाल पट्टी

मित्रांनो, माझ्या अंगावर शंभर भोकं आहेत आणि मला त्याची अजिबात लाज वाटत नाही. मी एक जुनी लाकडी पाटी आहे. मोडलेल्या टेबलाच्या फळीतून एका सुताराने मला कापलं, घासून गुळगुळीत केलं आणि माझ्यावर पाच ओळींत वीस-वीस भोकं पाडली. सोबत शंभर खुंट्या दिल्या. भोकात खुंटी घालायची, एवढंच माझ्यावरचं काम. ऐकायला किरकोळ वाटतं, हे मलाही ठाऊक आहे.

मी एका रुग्णालयाच्या व्यवसायोपचार विभागात राहते. दारावरचं नाव वाचून काही जण विचारतात, इथे धंदा शिकवतात का? तसं नाही. केस विंचरणं, बटणं लावणं, घास तोंडाशी नेणं, असे रोजचे उद्योग आजारपणात ज्यांच्या हातून निसटतात, त्यांना ते इथे पुन्हा जमवून देतात. पेन्सिल धरता येत नाही म्हणून शाळेत बोलणी खाणारी मुलं माझ्याकडे आली. त्यातल्या एकीने माझ्या चार खुंट्या खिशात घालून नेल्या, त्या आजवर परत आल्या नाहीत. एक बाई आली, तिचं मन इतकं खचलं होतं की अर्ध्या तासात तिने एकच खुंटी लावली. दुसऱ्या दिवशी तिने दोन लावल्या. मला घाई नसते, त्यामुळे असे लोक माझ्यापाशी टिकतात.

पण सांगायचं आहे ते एका पेंटरबद्दल. ते दुकानांच्या पाट्या रंगवायचे. चाळीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नाही. एका सकाळी मेंदूच्या उजव्या भागातली रक्तवाहिनी तुंबली आणि त्यांचा डावा हात लुळा पडला. तीन महिन्यांनी सून त्यांना चाकाच्या खुर्चीतून आमच्याकडे घेऊन आली. ती कुणाच्याच नजरेला नजर देत नव्हती.

थेरपिस्ट ताईंनी मला त्यांच्यापुढे ठेवलं. "काका, सगळी भोकं भरा."

पेंटरांचा उजवा हात सफाईचा. त्यांनी भराभर खुंट्या लावल्या आणि हात मागे घेतला. "झालं. भरली."

मित्रांनो, माझी फक्त उजवी बाजू भरली होती. डावीकडची पन्नास भोकं तशीच आ वासून होती. मला राग आला. इतकी वर्षं इथे काढली, पण माझी एक बाजू नाहीच असं कुणी वागलं नव्हतं.

"आणखी जागा दिसते का कुठे?" ताईंनी विचारलं.

"कुठे आहे? भरली की." आवाजात खोटेपणा नव्हता. लबाडी मी ओळखते, लहान मुलांमुळे सवय झाली आहे. हे तसं नव्हतं.

मग सून बोलली. ती ताईंना एका कोपऱ्यात घेऊन गेली होती, पण मला ऐकू येत होतं. "हे सगळ्यांना सांगतात, सून मला अर्धपोटी ठेवते. ताट अर्धं रिकामं देते म्हणे. मी भरलेलं ताट ठेवते हो. ते अर्धं खातात, उरलेलं तसंच ठेवतात आणि वर मलाच बोलतात. नवऱ्याला वाटतं, बाबा कशाला खोटं बोलतील? आठ दिवस झाले, तो माझ्याशी धड बोलत नाही. मी बॅग भरून ठेवलीय. उद्यापासून यांना आणायला मी येणार नाही."

ताईंनी तिला पाणी दिलं आणि समजावून सांगितलं. काकांचे डोळे ठीक आहेत. डोळे डावीकडची खबर आणतात, पण मेंदू तिची दखल घेत नाही. त्यामुळे काहीतरी दिसत नाही आहे, हेही त्यांना कळत नाही. "तुम्ही खोटं बोलत नाही आणि तेही बोलत नाहीत," ताई म्हणाल्या.

"हे मला पटून काय उपयोग?" सून म्हणाली. "त्यांना पटायला हवं."

ताईंनी तिने आणलेला डबा एका ताटात वाढायला लावला. पेंटरांनी उजवीकडचा भात संपवला आणि म्हणाले, "बघा. एवढंच." ताईंनी ताट फिरवलं. डावीकडचे बटाटे उजवीकडे आले. पेंटरांनी ताटाकडे पाहिलं. मग म्हणाले, "आत्ता वाढलंत. मी बघत नव्हतो तेव्हा." सुनेने मान फिरवली. मला वाटलं, हा संसार आज इथेच मोडणार.

ताईंनी ताट बाजूला सारलं. माझ्या सगळ्या खुंट्या काढल्या आणि त्यांच्या हातात खडू दिला. "काका, या पाटीवर नाव रंगवायचं आहे. आधी मध्य काढून द्या."

हे त्यांच्या रोजच्या कामातलं होतं. मध्य काढल्याशिवाय पेंटर अक्षराला हात घालत नाही. त्यांनी डोळ्यांनी अंदाज घेतला आणि खूण केली. खूण माझ्या उजव्या कडेपासून जेमतेम अर्ध्या वितीवर आली.

"वितीने मोजता ना तुम्ही? मोजा."

त्यांनी खुणेपासून उजवीकडे मोजलं. अर्धी वीत. मग खुणेवर करंगळी टेकून ते डावीकडे वळले. ताईंनी त्यांचं मनगट हलकेच पुढे नेलं. एक वीत पूर्ण झाली आणि बोटांखाली अजून लाकूडच होतं. आणखी अर्धी वीत गेल्यावर अंगठा माझ्या कडेवरून खाली उतरला. त्यांनी पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदाही मोजलं. चाळीस वर्षांत त्या वितीने त्यांना कधी फसवलं नव्हतं. जाता-येता त्यांची बोटं माझ्या रिकाम्या भोकांतून अडखळत होती, आणि माझा राग कुठल्या कुठे गेला.

खडू खाली ठेवून त्यांनी विचारलं, "मग ताटात त्या बाजूला काय असायचं?"

"बटाटे," सून म्हणाली. "तुम्हाला आवडतात म्हणून आधी तेच वाढायचे."

"रोज?"

"रोज."

"मग सांगायचंस ना."

"सांगत होते, बाबा. तुमच्या डाव्या बाजूला बसून सांगत होते."

सून उठली, खुर्चीला वळसा घालून त्यांच्या उजवीकडे येऊन बसली. पेंटरांनी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "संध्याकाळी तुझ्या नवऱ्याला घरी थांबायला सांग. मला त्याच्याशी बोलायचं आहे."

दुसऱ्या दिवशी खुर्ची ढकलत सूनच आली. ताईंनी माझ्या डाव्या कडेला लाल कागदाची पट्टी चिकटवली. लाल दिसेपर्यंत मान वळवायची, मगच काम सुरू करायचं, असा नियम ठरला. घरी सून ताटाच्या डावीकडे लाल पेला ठेवू लागली. पेंटर रोज सुधारले असं सांगितलं तर ते खोटं होईल. कधी पट्टी सापडायची, कधी अर्ध्यावरच "झालं" म्हणायचे. पण आता "झालं" म्हटल्यावर ते स्वतःच वीत टाकून बघायचे.

कागदाची पट्टी सारखी निघून यायची. शेवटी पेंटर वैतागले. "ही काय पट्टी झाली?" म्हणाले, आणि घरून ब्रश आणि लाल रंग मागवला. मान वळवत, चाचपत, त्यांनी माझी डावी कड शोधली आणि एका दमात वरून खालपर्यंत पट्टी ओढली. काय सरळ रेघ होती!

फक्त ती अगदी कडेला पोचली नव्हती. पट्टीच्याही डावीकडे करंगळीएवढं लाकूड कोरं राहिलं. ते त्यांना दिसलं नाही. सुनेला दिसलं. तिने त्या कोऱ्या जागेकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे, आणि म्हणाली, "छान झालीय, बाबा."

आता विभागात बोट लावलं की उजळणारे काचेचे पडदे आले आहेत. मी कपाटात असते. साफसफाईला आलेल्या नव्या बाई परवा माझ्यावर ओला फडका घासत म्हणाल्या, "हा डाग काही जात नाही." म्हणून हे सगळं सांगितलं.

मित्रांनो, मला कपाटात ठेवलंत तरी तक्रार नाही. हरवलेल्या चार खुंट्याही सोडून दिल्या. पण ती लाल पट्टी खरवडू नका. आणि तिच्या डावीकडची कोरी कड कुणी रंगवून पुरी करू नका.