एक पाऊल पुढची गाडी

परतीच्या वाटेवर मॉडेल थोरलीच्या मांडीवर आलं. धाकट्याचे दोन्ही हात स्टिअरिंगला हवे होते आणि मागच्या सीटच्या जागी बाबांनी नुसता पत्रा ठोकून ठेवला होता. त्यावर काही ठेवलं असतं तर पहिल्याच वळणाला ते डोक्यात आलं असतं. चोवीस पट लहान केलेली हीच गाडी होती ती. तोच काळा रंग, बॉनेटवर तोच फुगवटा, मागे तशीच रुंद, उर्मट चाकं. थोरलीनं ती दोन्ही तळव्यांत धरली होती, जखमी पाखरू धरावं तशी.

"एवढी घाबरू नकोस गं ताई," धाकटा म्हणाला. "चावत नाही ती."

"हिला कोण घाबरतंय? मी मोठीला घाबरते."

हे खरंच होतं. सात वर्षं ही गाडी घरामागच्या शेडमध्ये वाढत होती आणि सात वर्षं थोरली तिच्यापासून चार हात लांब राहत आली होती. बाबा पोटापाण्यासाठी दातांच्या कवळ्या बनवायचे. दिवसभर दुसऱ्यांचे दात घासून गुळगुळीत करायचे आणि संध्याकाळी त्याच कानशी, तेच चिमटे घेऊन शेडमध्ये शिरायचे. भंगारातून आणलेला जुन्या गाडीचा सांगाडा, त्यात बसवलेलं आठ सिलिंडरचं धूड. ते पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा स्वयंपाकघरातल्या बरण्या फळीवर चालायला लागल्या होत्या. आई गाडीला 'सवत' म्हणायची. बाबांना कुणाचा फोन आला की शांतपणे सांगायची, "सवतीकडे गेलेत. निरोप ठेवू का?"

आज सकाळी निघताना तिनं गाडीच्या टपावर हात ठेवला होता. "सवतीला नीट घरी आणा," एवढंच म्हणाली आणि आत गेली. बाबांना जाऊन सोळा दिवस झाले होते.

डोंगरमाथ्यावर पाण्याच्या टाकीजवळच्या मैदानात वर्षातून एकदा अशा गाड्यांचे वेडे जमायचे. कुणी इंजिन बदललेलं, कुणी छत कापलेलं, तर कुणी नुसताच रंग देऊन रुबाब करणारा. बाबांनी यंदा नाव नोंदवलं होतं. धाकटा म्हणाला, गाडी न्यायचीच. थोरलीला नाही म्हणवेना आणि त्याला एकट्याला सोडवेना, म्हणून ती शेजारी बसली. मोठ्या बहिणींचं नेहमीचंच.

वर सगळं नीट पार पडलं होतं. बाबांचे जुने दोस्त, मेकॅनिककाका, तेलकट हातांनी दोघांच्या पाठीवर थोपटून गेले. मग त्यांनी सगळ्यांना गोळा केलं. या लोकांत कुणी गेलं की दोन मिनिटं गप्प उभं राहायचं नसतं. सगळ्यांनी आपापल्या गाडीत बसायचं आणि दोन मिनिटं ॲक्सिलरेटर दाबून इंजिनं गर्जवायची. चाळीस गाड्या एकदम ओरडल्या. थोरलीनं कानांवर हात ठेवले होते. पायाखालचा पत्रा थरथरत होता आणि त्या आवाजात तिला पहिल्यांदा रडू आलं, कारण ते कुणाला ऐकू जाणार नव्हतं. गर्जना थांबल्यावर धाकट्यानं गाडी बंदही केली नाही. डोळे पुसले, गिअर टाकला आणि उतार धरला.

पहिली दोन वळणं गेली. डावीकडे डोंगराचा कापलेला कडा, उजवीकडे गुडघाभर उंचीचा कठडा. त्यापलीकडे काय होतं ते थोरली बघत नव्हती.

"पाय भाजतोय," ती म्हणाली.

"काय?"

इंजिनापुढे ओरडूनच बोलावं लागत होतं. "माझ्या पायाखालचा पत्रा! चटके बसतायत!"

"सायलेन्सर तुझ्याच बाजूनं जातो. बाबा म्हणायचे ना, हिवाळ्यात आईला शेकायला घेऊन जाईन." तो हसला. मग त्यानं ब्रेक दाबला आणि हसू अर्ध्यात राहिलं. त्यानं परत दाबला, दोनदा, पटापट.

"काय झालं?"

"काही नाही. पेडल जरा खोल गेलं."

"खोल म्हणजे?"

"म्हणजे मऊ. लागतोय ब्रेक, ताई, लागतोय. उगाच आईसारखं करू नकोस."

गाडी वळली. ब्रेक लागला होता, पण उशिरा, मन नसल्यासारखा.

"हे आधी होत होतं?"

"बाबा फोनवर म्हणाले होते मागच्या महिन्यात. लांब चालवली की पेडल मऊ पडतं. ब्रेकच्या तेलाची नळी सायलेन्सरला खेटून जाते, तेल तापतं, उकळतं. पण त्यांनी बदलली नळी. उजवीकडून नेली."

"तू बघितलीस?"

"बघितली म्हणजे काय! काल रात्रीच बघितली."

"गाडीखाली झोपून?"

धाकट्यानं नजर रस्त्यावरच ठेवली. "ही इतकी खाली टेकलीय, जॅक लावल्याशिवाय मांजरसुद्धा जात नाही. मॉडेल बघितलं ना मी. उलटं करून."

यात त्याचं चुकलं असं कुणी म्हटलं नसतं. बाबाच म्हणायचे, "खाली कशाला वाकता? मॉडेल बघा." शेडमध्ये कुणी पाहुणा आला आणि गाडीचं पोट बघायचं म्हणाला, की ते मॉडेल तळहातावर उलटं करून दाखवायचे. एकेक नळी, एकेक नट जिथल्या तिथे. बघणाऱ्याला वाटायचं, केवढी हुबेहूब नक्कल! बाबा कुणाला दुरुस्त करायचे नाहीत.

पण ती नक्कल नव्हती. हे फक्त थोरलीला ठाऊक होतं, कारण लहानपणी चिमटा तिच्या हातात असायचा. बाबा तिला हाकच मारायचे चिमटा म्हणून. धाकटा तेव्हा मोठ्या गाडीपाशी असायचा. कुठलाही पाना मागितला तरी दहा-बाराचाच आणून द्यायचा, म्हणून त्याचं नाव दहाबारा. चिमटा टेबलाशी, दहाबारा जमिनीवर, अशी घराची वाटणी होती. आणि टेबलावर जे व्हायचं ते आधी व्हायचं. बाबांना गाडीत काहीही बदलायचं असलं की ते आधी मॉडेलमध्ये बदलायचे, आठ-पंधरा दिवस टेबलावर ठेवून येता-जाता बघायचे आणि पटलं तरच मोठीला पाना लावायचे. कवळीचं नाही का, आधी मेणाची करायची, मग पक्की. मॉडेल कायम एक पाऊल पुढे असायचं.

थोरलीनं मांडीवरची गाडी उलटी केली.

लाल तार, शिवणाच्या दोऱ्याएवढी बारीक, उजव्या बाजूनं गेली होती. डावीकडे सायलेन्सरपाशी जुन्या डिंकाचे खरवडलेले डाग होते. तिनं नखानं तार चाचपली. पुढून मागे, डिंकाचा एक ठिपका, दुसरा ठिपका, तिसरा. मागच्या चाकापाशी मात्र तारेचं टोक सुटं होतं. नखाबरोबर ते वर उचललं गेलं.

तिला टेबल दिसलं. बाबा गेले त्या संध्याकाळी चहा घेऊन तीच गेली होती शेडमध्ये. बाबा खुर्चीत पुढे वाकलेले, कपाळ टेबलाला टेकलेलं, डिंकाची बाटली उघडी आणि चिमटा बोटांत. तिनं चिमटा सोडवून घेतला होता. त्यात काय धरलंय हे तेव्हा कोण बघणार?

"दहाबारा," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच ऐकू आला नाही. "दहाबारा! नळी बदललेली नाही! हे मॉडेलमध्येसुद्धा पुरं झालेलं नाही! हेच करताना गेले ते!"

"काय बोलतेयस?"

"मॉडेल आधी असतं रे! गाडी नंतर! ते गाडीपर्यंत पोचलेच नाहीत!"

त्यानं तिच्याकडे बघितलं. मग त्यानं ब्रेकवर पाय ठेवला आणि पाय जमिनीला जाऊन टेकला. कुठे काही अडलं नाही. चिखलात पाय जावा तसा गेला.

"आई गं," धाकटा म्हणाला.

उतार आता सरळ होता आणि लांब. त्याच्या शेवटी वळण होतं, आणि वळणाच्या अलीकडे एक टेम्पो हळूहळू उतरत होता. मागे प्लॅस्टिकच्या खुर्च्यांची चळत आणि चळतीवर दोन माणसं, पाय खाली सोडून, गप्पा मारत. त्यातल्या एकानं गाडी बघून कौतुकानं हात हलवला.

धाकट्यानं गिअर खाली ओढला. इंजिन किंचाळलं, गाडीला हिसका बसला, वेग थोडा मोडला. पुरेसा नाही. त्यानं हॅन्डब्रेक खेचला. मागची चाकं चिकटली आणि गाडीचा मागचा भाग कठड्याच्या दिशेनं सरकायला लागला. थोरलीला कठड्यापलीकडचं आभाळ दिसलं. नुसतं आभाळ, खाली काहीच नाही. "सोड! सोड!" ती ओरडली. त्यानं सोडला. गाडी सरळ झाली, आणि पुन्हा सुटली.

ब्रेक गेला होता, उतार होता, ती दोन माणसं पाय हलवत बसली होती, आणि सोळा दिवसांत आईच्या दारात दुसऱ्यांदा कोण जाऊन उभं राहणार होतं?

"डोंगराला लाव," ती म्हणाली.

"काय?"

"गाडी डोंगराला घास! डावीकडे घे, कड्याला!"

"तुझी बाजू आहे ती!"

"मला दिसतंय माझी बाजू कुठली आहे ते! घे!"

"ताई, दार फाटेल. रंग..." तो रंग चौदा हातांचा होता. प्रत्येक हात वाळल्यावर बाबांनी तो ओल्या पॉलिश कागदानं घासला होता, दात घासावेत तितक्या हळू. त्या दारात डोकावून भांग पाडता यायचा. धाकट्याचे हात स्टिअरिंगवर पांढरे पडले होते आणि ते वळत नव्हते. थोरलीला कळलं, याला मरणाची भीती वाटतेय, पण त्या दाराला ओरखडा काढायची त्याहून जास्त वाटतेय.

टेम्पोवरच्या माणसाचा हात हवेतच थांबला होता.

थोरलीनं एका हातानं मॉडेल छातीशी धरलं, दुसऱ्या हातानं स्टिअरिंग पकडलं आणि आपल्याकडे ओढलं.

आधी गटारात चाक उतरलं. मग आवाज झाला. असा आवाज तिनं कधी ऐकला नव्हता. चाळीस गाड्यांच्या गर्जनेपेक्षा तो लहान होता, पण तो तिच्या कानाशी होता, दाराच्या आत, दातांत. काच फुटून मांडीवर सांडली. दगड, माती, मुळं खिडकीतून वीतभर अंतरावरून मागे पळत होती. ती धाकट्याच्या अंगावर रेलली. त्याचेही हात आता तिच्या हातांबरोबर डावीकडेच दाबत होते. तो रडत होता आणि दाबत होता. मग पळणारे दगड हळू झाले. एकेक दिसायला लागले. आणि थांबले.

इंजिन आचके देत बंद पडलं. टेम्पो वळणाआड गेला होता.

कुठेतरी तापलेला पत्रा टिकटिक करत होता.

"लागलं?" धाकट्यानं विचारलं.

"माहीत नाही." तिनं बोटं हलवून बघितली, मग पाय. दंडावर रक्त होतं, थोडंच. "तुला?"

"नाही."

डावं दार कड्यात रुतलं होतं, म्हणून ती त्याच्याच बाजूनं सरकत बाहेर आली. आणि रस्त्यातच बसली. डावं चाक गटारात गेल्यामुळे उजवी बाजू वर उचलली गेली होती. सात वर्षांत पहिल्यांदा जॅकशिवाय गाडीचं पोट दिसत होतं. धाकटा पालथा झोपून आत बघायला लागला.

"हात घालू नकोस. गरम असेल."

"नाही घालत." त्यानं मान आणखी खाली घातली. मग, "ताई, इकडे बघ."

तीही झोपली. पलीकडे डाव्या बाजूला सायलेन्सरची नळी होती, आणि तिला खेटून ब्रेकची नळी, जुनी, जिथल्या तिथे. अलीकडे, उजव्या बाजूला, रिकाम्या लोखंडावर पांढऱ्या खडूच्या फुल्या होत्या. पुढून मागे, सारख्या अंतरावर. नवी नळी कुठे कुठे बांधायची त्याच्या खुणा. गाडीखाली झोपून, हात वर करून काढलेल्या, म्हणून जरा तिरक्या. थोरलीनं त्या मोजल्या. चार होत्या. मॉडेलवर डिंकाचे ठिपके तीनच होते.

धाकट्यानं कपाळ डांबरावर टेकवलं. "मी तुला मारलं असतं," तो म्हणाला. "एकदा वाकून बघितलं असतं तर..."

"गप्प बस."

"दाराचं काय झालंय, बघ ना जरा. माझ्याच्यानं बघवत नाही."

"मीही नाही बघणार. आज नाही."

तिच्या खिशात फोन वाजला. आई. थोरलीनं तो तीनदा वाजू दिला, आवाज खाकरून सारखा केला आणि उचलला.

"कुठवर आलात गं?"

"अर्ध्यात. जरा थांबलोय."

"का?"

तिनं मॉडेलकडे बघितलं. एक आरसा तुटला होता, बाकी ते धड होतं, आणि लाल तारेचं सुटं टोक वाऱ्यानं थरथरत होतं.

"गाडी तापलीय आई," ती म्हणाली. "निवू दे. मेकॅनिककाकांना बोलावतोय. आम्ही दोघं बरे आहोत."

पलीकडे आईनं चालू असलेला नळ बंद केला.

"दोघं बरे आहोत असं का सांगितलंस?" तिनं विचारलं. "मी विचारलं नव्हतं."