आखूड तुकडे मी फेकणार नाही

मी चाळणी बोलतेय. स्वयंपाकघरातली नव्हे, कॉम्प्युटरातली, म्हणजे माहिती चाळणारा प्रोग्रॅम. हसायचं तर हसून घ्या, पण मला पुसायच्या आधी माझं ऐका.

माझा जन्म गारखेड्यातल्या एका भाड्याच्या खोलीत झाला. प्रांजलीनं मला लिहिलं. तिचे आईवडील दौलताबादजवळ शेळ्या राखतात. ऊन तापलं की शेळ्यांचं दूध आटतं. ते का आटतं, हाच तिच्या पीएचडीचा विषय.

आता माझं काम ऐका. दुधातलं प्रथिन बनवायचा हुकूम पेशीत निघतो, त्याला एमआरएनए म्हणतात. रायबोसोम नावाचा कारागीर तो हुकूम वाचत प्रथिनाच्या माळेचा एकेक मणी ओवतो. त्याला तिथंच गोठवायचं, उघडा पडलेला हुकूम कापून टाकायचा, म्हणजे त्याच्या बुडाखालचा तुकडा तेवढा उरतो. शेळीच्या दुधात उतरलेल्या पेशींतून मिळालेले असे लाखो तुकडे माझ्यात ओततात. ते हुकुमाशी जुळवले की कोणता कारागीर कुठं बसला होता ते आलेखात दिसतं.

बहुतेक तुकडे लांब असतात, थोडे आखूड. प्रयोगशाळेतली जुनी चाळणी आखूड तुकडे कचरा म्हणून फेकते. मी नाही फेकत! अहो, पुढचा मणी मिळेना म्हणून रिकाम्या हातानं खोळंबलेल्या कारागिराच्या खाली आखूडच तुकडा सापडतो.

प्रांजलीच्या मार्गदर्शकांच्या, आप्पासाहेब सरांच्या, डोळ्यांत मी पहिल्यापासून खुपते.

"आलेख किती घाण दिसतोय! जुनी चाळणी लाव अन् ही डिलीट कर," ते म्हणाले. "समितीसमोर माझं हसं नको."

तिनं जुनी लावून पाहिली. आलेख कसा चकाचक! हुकूम तेवढेच, कारागीर तेवढेच, उन्हाचा काही परिणाम नाही. मग दूध गेलं कुठं? माझा नुसता संताप झाला.

तेवढ्यात तिच्या आईचा, मंजुळाबाईंचा फोन आला. "पोरी, कधी येतीस? शेळ्या लई धापा टाकत्यात बघ. कासंत कायबी नाय."

"येते आई. आधी इथलं निस्तरते," प्रांजली म्हणाली. मला पुसायला डिलीटच्या बटणावर नेलेलं बोट तिनं मागं घेतलं.

समितीसमोर तिनं माझाच आलेख लावला. सर लालबुंद झाले. "डिलीट केली नाहीस?"

"नाही सर."

"प्रयोगच चुकला नसेल कशावरून?"

"त्याच शेळीचं हिवाळ्यात गोठवून ठेवलेलं दूध त्याच दिवशी, त्याच पद्धतीनं तपासलंय सर. त्यात आखूड तुकडे नावालाच आहेत. उन्हाळ्यातल्या दुधात ढीग आहे. म्हणजे उन्हात कारागीर मण्यांवाचून खोळंबतात, म्हणून दूध आटत असावं."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एका शेळीवर भागणार नाही, आणखी शेळ्या घ्या, पुढचा उन्हाळा गाठा, असं समितीनं सांगितलं. म्हणजे पदवी वर्षभर लांबली. बाहेर जिन्यात बसून ती रडली. मलाही लई वाईट वाटलं.

मग डोळे पुसून तिनं लॅपटॉप उघडला आणि माझ्या अगदी वरच्या ओळीत लिहिलं: 'आखूड तुकडे काढू नयेत. हुकूम प्रांजलीचा.'

आता येऊ द्या उन्हाळा. सर, तुम्हीही या. समोर बसा आणि हवे तेवढे तुकडे ओता. तुमच्यादेखत मी एकूण एक मोजणार आहे.