पाण्याचं वजन

मलकापूरच्या दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टर 'हार्ट फेल्युअर' म्हणाले, तर आमचे हे भडकलेच. "मी शाळंची पायरी चढलो न्हाई, आन् फेल कसा?"

तिथल्या अपेक्षा सिस्टरनं हसू दाबलं. पोरगी कवठे महांकाळची. "फेल न्हाई, धुळाकाका. थकलंय नुसतं. रक्त ढकलायला जोर कमी पडतोय." मग तिनं मोबाईलवर हलतं चित्र दाखवून समजावलं. मीठ कमी, पाणी मापात, आणि रोज सकाळी वजन. सोबत काचेचा वजनकाटा दिला. त्यावर उभं राहिलं की आकडा माझ्या मोबाईलवर, आणि तिथून थेट तिच्यासमोर. आम्ही दोघांनी मान डोलावली. मान डोलवायला काय लागतं?

म्हसवडजवळच्या आमच्या वस्तीवर काट्याला देवाचा मान मिळाला. हे आधी त्याला हात लावून कपाळाला टेकवायचे, मग त्याच्यावर चढायचे.

थोड्याच दिवसांत आकडा वाढू लागला आणि यांची छाती फुगली. जन्म मेंढरांमागं गेलेला. अंग धरण्यासारखं, मांस चढण्यासारखं दुसरं सुख यांना ठाऊक नाही. शेजारचा नानासो म्हणाला, "धुळादा, लय तेज आलंया तोंडावर!"

"पाय बी भरल्यात, बग," म्हणत यांनी पाय पुढं केले. त्या आनंदात नानासोनं घरचा झणझणीत, मीठ-मिरचीचा खर्डा आणून दिला. मी अळणी भाकरी पुढं केली, ती खर्ड्याबरोबरच गेली.

दुसऱ्या दिवशी हे काट्यावरून उतरतात न उतरतात तोच अपेक्षा सिस्टरचा फोन आला.

"काका, वजन लय वाढलंय."

"व्हय! बगितलंस न्हवं?" हे मिशीतल्या मिशीत हसले.

"मावशी कुठंयत? मावशी, काकांच्या नडगीवर अंगठा घट्ट दाबून धरा. आता काढा. काय दिसतंय?"

मी अंगठा उचलला आणि बघतच राहिले. चिखलात खूर उमटावा तसा खड्डा. माझा अंगठा माझ्या हातात, आणि तरी तिथं यांच्या पायातही.

"रात्री आडवं झोपवतंय का काकांना?"

"काल भिंतीला टेकून बसल्यालं," मी म्हणाले.

"अगं पोरी," हे चिडले, "अंग धरलेलं कवा वाईट असतंय व्हय?"

"माझं वडील बी मेंढरं राखत्यात, काका. बाजाराच्या आधी काही लोकं मेंढराला मीठ चारून पाणी पाजत्यात. कशाला?"

हे घुटमळले. "काट्यावर भारी भरावं म्हणून."

"ते मांस असतंय का?"

हे आपल्याच पायांकडं बघत म्हणाले, "न्हाई. पाणी."

"तेच पाणी तुमच्यात चढतंय, काका. छातीत भरलं की श्वास अडकंल."

यांनी खर्ड्याची वाटी हातानं लांब सारली. डॉक्टर फोनवर आले, अंगातलं पाणी लघवीवाटे काढणाऱ्या गोळीत बदल सांगितला, धाप वाढली तर तसंच निघा म्हणाले, आणि उद्या काहीही करून दाखवायला या म्हणाले. आम्ही गेलो. वाटेत एसटीच्या खिडकीतून माळ संपता संपेना, आणि माझ्या मनात एकच. यांच्या अंगात चढणारं पाणी शेजारी झोपून मला दिसलं नाही, ते एवढे डोंगर-माळ ओलांडून त्या पोरीला दिसलं.

मग आकडा रोज थोडा थोडा खाली आला. हे आडवे झोपू लागले. नानासो हळहळला, "धुळादा, पार वाळलास की रं!"

"पाणी उतारलं, गड्या," हे ऐटीत म्हणाले. "मेंढी हाय तेवढीच हाय."

मी यांच्या नडगीवर अंगठा दाबला. उचलला. कातडी आपसूक वर आली. पुन्हा दाबला. पुन्हा वर आली.

"आता बास की," हे म्हणाले. "कणीक हाय व्हय ती?"

"गप बसा वाईच," मी म्हणाले, आणि पुन्हा दाबला.