दगडूच्या दोन ओळी

दुष्काळाचं साल. गावात टँकर चौथ्या दिवशी यायचा, पण सईदाच्या यादीत मात्र पोरं वाढत होती. जिल्ह्यातल्या ज्या लेकरांना मेंदूचे, नसांचे दुर्मीळ आजार आहेत, त्यांतलं एकही सुटू नये आणि एकही दोनदा येऊ नये, अशी नोंद करायचं तिचं काम. नोंद झाली की मोठ्या डॉक्टरांचं बोलावणं यायचं. म्हणायला सोपं! निम्मा तालुका ऊसतोडीला गेलेला, मग माणसानं मोजायचं कुठं?

आता हेच बघा. दगडू आश्रुबा, पाय लुळे पडत चाललेले, मुक्काम तलवाडा. आणि दगडू आश्रुबा, पाय लुळे पडत चाललेले, मुक्काम सहकारी साखर कारखान्यावरच्या कोप्या, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपड्या. वय तलवाड्यात सात, कारखान्यावर पाच. पण वय काय, आईबाप अंदाजपंचेच सांगतात. पोर एकच असणार. एक ओळ खोडायची म्हणून सईदा तलवाड्याला पोराच्या आजीकडे, आश्रुबाच्या आईकडे, जानकीबाईकडे आली. पोरगा बाजेवर पडून होता.

"ह्यो दगडूच ना, मावशी?"

"हाय की. पयलं नाव म्हाळू. पाय गळाले तवा मीच बदललं. आमच्या घरात आजारी लेकराला दगडूच म्हणत्यात. दगडाला मरण न्हाई."

"मंग कारखान्यावरून कधी आणला?"

"ह्यानं उंबरा वलांडला न्हाई दिवाळीपासनं."

सईदाचं डोकं चक्रावलं. कारखान्यावरच्या नर्सबाईनं तर पोर डोळ्यांनी बघून लिहिलं होतं. काय भूत बघितलं होय?

"मंग तिकडं आईबापाजवळ कोण हाय?"

"सिदू, धाकला. लई वांड! जाताना टरकामागं पळतपळत चढला." म्हातारीचा चेहरा खुलला. "माजे पांग त्योच फेडणार बग."

सईदानं घाईघाईनं यादी मिटली. म्हातारीनं ते बघितलं.

"कावून गं? तिकडं कुणाचं नाव लिवलंय?"

सईदाला खोटं सुचलं नाही. "दगडूचं. पाच वर्षांचा."

जानकीबाईंनी बाजेवरच्या पोराकडं बघितलं. "फोनवर तर सून म्हणली, सिदू खेळतोय," त्या पुटपुटल्या. मग एकदम, "धडधाकट लेकराला दगडू कोण म्हणंल, बाई?"

सकाळी एक ओळ खोडायला निघालेल्या सईदाला आता खरंच ती खोडावीशी वाटली.

"खोडू नगं," जानकीबाई म्हणाल्या. "दोघांलाबी बोलावणं येऊ दे."